चाल कुणाची, नाटक कुणाचं?

एकाच गळ्याने जुडासही गावा आणि कृष्णालाही हाक मारावी, हा योग नंदू भेंडे यांच्या वाट्याला आला. ॲलेक पदमसी यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक म्युझिकल बसवलं, तेव्हा ख्रिस्ताला दगा देणारा जुडास होते नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. म्हणजे घर अस्सल मराठी नाटकवाल्यांचं, पण पोराचा ओढा रॉक बँडकडे. पुढे १९८२ साली ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी त्यांच्याकडून कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारं गाणं गाऊन घेतलं. ती चाल ज्या गाण्यावरून बेतली, ते टिलमन ब्रदर्स या हॉलंडमधल्या बँडचं. त्या मूळ गाण्याचं नाव काय असावं? ‘जीझस’!

जुडासने जीझसची चाल उचलून कृष्णाला वाहिली, असं कुणी नाटकात लिहिलं असतं तर प्रेक्षकांनी ‘काहीतरीच काय’ म्हणून खुर्च्या वाजवल्या असत्या.

म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये असे विषय शनिवारी रात्री निघतात. इथे इन्फोसिसचं अवाढव्य प्रशिक्षण केंद्र आहे. पुणे, नागपूर, सांगली, जळगावकडची ताजी इंजिनिअर पोरं इथे येतात, आठवडाभर कोड लिहितात, त्याच्या परीक्षा देतात आणि सुटीच्या दिवशी कुणा मराठी काका-काकूंकडे पोहे नाहीतर साबुदाण्याची खिचडी हाणायला जमतात. कोड दुसऱ्याचा उचलला तर यंत्र पकडतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे गाण्यांच्या चोऱ्यांवर ही मंडळी न्यायाधीशाच्या थाटात बोलतात. “काका, हे सरळसरळ ढापलंय!” हा त्यांचा ठरलेला निकाल. सत्तरच्या दशकातली रॉक म्युझिकल्स म्हणजे अशा निकालांसाठी भरलेलं ताटच. त्यातले काही घास पुढे वाढतो.

तीन पैशांची वंशावळ

मराठीत रॉक रंगभूमीवर आलं ते थेट पुलंच्या हाताला धरून. १९७८ साली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. लेखन पु. ल. देशपांडे, दिग्दर्शन जब्बार पटेल आणि नायक अंकुशच्या भूमिकेत हेच आपले नंदू भेंडे. एका पात्राच्या तोंडी नाट्यसंगीत, दुसऱ्याच्या तोंडी तमाशातलं गाणं आणि अंकुश आला की खणखणीत रॉक. गुंडांचा म्होरक्या रॉकमध्ये बोलतो आणि सभ्य दिसणारे लबाड घरंदाज चालींत, ही गंमत कानांनाच कळायची.

पण हे नाटक पुलंचं म्हणावं का? ते बेर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून घेतलेलं, हे पुलंनी नावातच सांगून टाकलंय. मग ब्रेख्तचं म्हणावं? ब्रेख्तचं नाटक बर्लिनमध्ये ३१ ऑगस्ट १९२८ रोजी रंगमंचावर आलं. ते इंग्रज कवी जॉन गे याच्या १७२८ सालच्या ‘बेगर्स ऑपेरा’वरून. बरोबर दोनशे वर्षांनी. पण ब्रेख्तच्या हाती आलेलं गेचं नाटक जर्मनमध्ये होतं आणि ते भाषांतर केलेलं एलिझाबेथ हाउप्टमान या त्याच्या सहकारी बाईंनी. इंग्रजीवर पकड त्यांची. संगीत कुर्ट वाइलचं. आणि मधली काही गाणी? ती पंधराव्या शतकातल्या फ्रान्स्वा व्हियाँ या भुरट्या कवीची, तीही के. एल. आमर याच्या जर्मन भाषांतरातून आलेली. आमर हे टोपणनाव. खरा माणूस ऑस्ट्रियाच्या लष्करातला अधिकारी, कार्ल क्लामर.

म्हणजे एका लेखकाच्या नाटकात किती जण कोंबले आहेत ते मोजा. आता पैशांची वाटणी बघा. मानधनाच्या करारात ब्रेख्तला ६२.५ टक्के, वाइलला २५ टक्के आणि हाउप्टमानबाईंना १२.५ टक्के. त्या नाटकात बाईंचा हात नेमका किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. जॉन फ्यूगी याने १९९४ मध्ये आख्खा ग्रंथ लिहून ब्रेख्तच्या नावावरचं बरंचसं त्याच्या सहकारी स्त्रियांचं आहे, असा आरोप केला. त्यावर ब्रेख्तच्या भक्तांनी फ्यूगीच्या चुका शोधून त्याचीही सालटी काढली. माझं म्हणाल तर वाटणीचे आकडेच पुरेसे बोलके आहेत. साडेबारा टक्के कुणी उगाच देत नाही, आणि सगळं काम केलेल्या माणसाला साडेबाराच टक्के देणं हेही कुणी उघडपणे करत नाही. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी असणार.

१९२९ मध्ये आल्फ्रेड केर या खवचट समीक्षकाने ब्रेख्तची व्हियाँ-उसनवारी चव्हाट्यावर मांडली. दुसरा कुणी असता तर लाजला असता. ब्रेख्तने जाहीर उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत मी मुळातच ढिला आहे. पुढच्या वर्षी क्लामरची व्हियाँची भाषांतरं नव्याने छापली गेली, तर त्यांना प्रस्तावनेदाखल सुनीत कुणाचं? ब्रेख्तचंच! त्यात वाचकांनाही यातून हवं ते उचला, असं आमंत्रण. आणि क्लामरला मानधनात अडीच टक्क्यांचा वाटा मिळाला, त्या पैशांतून त्याने द्राक्षमळा घेतला आणि तिथल्या वाइनला नाटकाच्या नावावरून नाव ठेवलं, असं सांगतात. चोरी पकडली गेल्यावर मूळ मालकाच्या घरी दारू पिकावी, असा निकाल कुठल्याही कोर्टाने आजवर दिलेला नाही.

जाता जाता: ‘मॅक द नाइफ’ म्हणून जगभर गाजलेलं गाणं या नाटकात ऐन वेळी घुसलं. नायकाचं काम करणाऱ्या नटाला झोकात प्रवेश हवा होता, म्हणून. पुढे लुई आर्मस्ट्राँगने ते १९५५ मध्ये गायलं, बॉबी डॅरिनने १९५९ मध्ये. आणि ‘अलाबामा साँग’ हे ब्रेख्त-वाइलचं दुसरं गाणं १९६७ मध्ये ‘द डोअर्स’ने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये घेतलं. त्याचे इंग्रजी शब्द मूळचे कुणाचे? पुन्हा हाउप्टमानबाईंचे. रॉकवाल्यांनी ब्रेख्त म्हणून ज्याचा उदोउदो केला त्यात बाई होत्याच.

डोक्यावर ‘चाल’ लिहिण्याची रीत

जॉन गेने १७२८ मध्ये एक साधी गोष्ट केली होती. नाटकात ६९ गाणी. बहुतेकांच्या चाली लोकांच्या ओठांवरच्या. नव्या शब्दांच्या वर मूळ गाण्याचं नाव छापलं आणि मोकळा झाला. चोरी नाही, लपवाछपवी नाही.

आता संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडा. पिवळा पडलेला कागद, पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि बारीक टाइपात ‘चाल’ म्हणून कुठल्या तरी वेगळ्याच गाण्याचे शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, त्यात कालिदास संस्कृतातून आला आणि चाली आल्या कीर्तनातून, लावणीतून, साक्या-दिंड्यांतून, कानडी मुलुखातल्या गाण्यांतून. खुद्द अण्णासाहेबांचं गाव गुर्लहोसूर, आज बेळगाव जिल्ह्यात. त्यांच्या कानावर लहानपणापासून दोन्ही भाषांची गाणी पडलेली. ‘सौभद्र’चं पुस्तक हातात घेऊन आजही कुणी मूळ चालींचा शोध घेऊ शकतो, कारण पत्ता छापलेला आहे.

पुढे भास्करबुवा बखले आले, गोविंदराव टेंबे आले. ख्यालांच्या, ठुमऱ्यांच्या बंदिशींवर पदं बांधली गेली आणि उस्तादांच्या घरातल्या चिजा टॅक्सी-टांगेवाल्यांच्या तोंडी गेल्या. त्यावर गवयांनी कुरकुर केली असेल, पण ‘चोर’ म्हणून कुणी फौजदारी केली नाही. डोक्यावर पत्ता असला की उसनवारीला पाहुणचाराचं रूप येतं. हेब्बाळच्या पोरांना मी हे सांगितलं, तर एक जण म्हणाला, “म्हणजे कोडवर कॉमेंट लिहिली तर कॉपी चालते?” चालत नाही बाबा, तुमच्या परीक्षेत नाही!

आपल्याकडे याहून जुनी रीत म्हणजे गाण्यातच सही करणं. अभंगाच्या शेवटी तुकोबांचं नाव, लावणीच्या शेवटी शाहिराचं. पण सहीनेही भांडण मिटत नाही. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत ‘विष्णुदास नामा’ अशी सही आली की संशोधक भिंगं काढतात: हा तोच नामा की नंतरचा? आणि ‘होनाजी बाळा’ ही सही तर दोघांची! होनाजी शिलारखाने लिहायचे, बाळा करंजकर गायचे. लेनन-मॅकार्टनी ही जोडसही जग डोक्यावर घेतं. आपल्या पेशवाईत ती आधीच चालू होती.

सोळा दिवसांचे भाऊ

रॉक म्युझिकल्समधले हे दोघे कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ वाटावेत असे. स्टीफन श्वार्ट्झ, जन्म ६ मार्च १९४८, न्यूयॉर्क. अँड्र्यू लॉइड वेबर, जन्म २२ मार्च १९४८, लंडन. अंतर सोळा दिवसांचं. आणि १९७१ साली दोघांनीही न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ख्रिस्ताला गायला लावलं: मे महिन्यात श्वार्ट्झचं ‘गॉडस्पेल’, ऑक्टोबरमध्ये वेबरचं ‘सुपरस्टार’. वयं अवघी तेवीस.

दोन्हींच्या चालींत साम्य शोधायला गेलात तर फसाल. ‘गॉडस्पेल’ हसरं, विदूषकी, लोकसंगीताच्या जवळचं. ‘सुपरस्टार’ काळवंडलेलं, ऑपेराच्या अंगाने जाणारं, एकही संवाद न बोलता सगळं गाऊनच सांगणारं. खरं साम्य आहे ते मालकीच्या गोंधळात.

‘गॉडस्पेल’ मुळात जॉन-मायकेल टेबलाक या विद्यार्थ्याचा कार्नेगी मेलन विद्यापीठातला पदव्युत्तर प्रबंध. परीक्षेचं काम म्हणून बसवलेलं नाटक! श्वार्ट्झ नंतर आला आणि नव्या चाली बांधल्या. गाण्यांचे शब्द? बरेचसे चर्चच्या स्तोत्रसंग्रहातले. ‘डे बाय डे’ हे सर्वांत गाजलेलं गाणं तेराव्या शतकातल्या बिशप रिचर्ड यांच्या नावावरच्या प्रार्थनेवरून. आणि सगळ्यांना हळवं करणारं ‘बाय माय साइड’ हे गाणं श्वार्ट्झचं नाहीच. ते त्याच्या आधीच पेगी गॉर्डन आणि जे हॅम्बर्गर यांनी केलेलं, नव्या खेळात तसंच राहिलं. बाकी गाणी श्वार्ट्झची म्हणून याचंही श्रेय लोक त्यालाच देतात.

‘सुपरस्टार’मध्ये मेरी मॅग्डलीनचं प्रसिद्ध हळवं गाणं ऐका आणि मग मेंडेल्सोनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोचा दुसरा भाग ऐका. कान टवकारतील. शिवाय ती चाल वेबरने आधी ‘कॅन्सस मॉर्निंग’ नावाच्या वेगळ्याच गाण्यासाठी वापरून पाहिली होती! म्हणजे मेंडेल्सोनकडून कॅन्ससला आणि कॅन्ससहून जेरुसलेमला. पुढे ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या म्युझिकलच्या वेळी पुच्चिनीच्या वारसांनी वेबरवर दावा ठोकला, तो कोर्टाबाहेर मिटला. रे रेप नावाच्या गीतकाराने आणखी एक दावा लावला. वेबरने उलटा दावा लावला की रेपनेच माझ्या ‘जोसेफ’ या म्युझिकलमधून उचललंय! शेवटी ज्यूरीने वेबरच्या बाजूने कौल दिला. एवढे दावे अंगावर घेऊन माणूस सर झाला, लॉर्ड झाला. तेव्हा मेंडेल्सोनचं भूत काही त्याच्या मानगुटीवर बसलेलं दिसत नाही.

हेअरची नातवंडं

‘हेअर’ ब्रॉडवेवर आलं २९ एप्रिल १९६८ ला आणि १,७५० प्रयोग केले. त्यातल्या एका गाण्याचे गीतकार विल्यम शेक्सपिअर आहेत. ‘हॅम्लेट’मधला एक गद्य उतारा उचलून संगीतकार गॉल्ट मॅकडरमॉटने सरळ चाल लावली. त्याला शेक्सपिअर एवढा मानवला की त्याने ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’चं रॉक म्युझिकल केलं आणि १९७२ चा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार पटकावला. शर्यतीत ‘ग्रीस’ होतं, सॉन्डहाइमचं ‘फॉलीज’ होतं. दोन्ही आजही गाजतायत; जिंकलेल्याची आठवण कुणाला?

आमच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा १८९० मध्ये ‘झुंझारराव’ केला होता. शेक्सपिअर आमच्याकडे मोफत मिळतो, अशी मराठी नाटकवाल्यांची जुनी खातरी. न्यूयॉर्कवाले तेवढ्यावर उशिराच पोहोचले.

आता वंशवेल बघा. लंडनच्या ‘हेअर’मध्ये टिम करी आणि रिचर्ड ओब्रायन हे दोघे नट होते. ‘सुपरस्टार’चा लंडनमधला खेळ बसवला जिम शार्मनने, त्यात ओब्रायनला हेरोद राजाची भूमिका करायची होती, ती त्याच्या हातून निसटली. नोकरी गेल्यावर माणूस घरी बसून काय करतो? याने ‘रॉकी हॉरर शो’ लिहिला. दिग्दर्शक शार्मन, नायक टिम करी. १९ जून १९७३ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावर ६३ खुर्च्यांसमोर पहिला प्रयोग. तिन्ही नाटकांत एकमेकांचा वास येतो तो चोरीचा नाही. एकाच चुलीवर तीन भाज्या शिजल्या आहेत.

तुकडे तुकडे

‘टॉमी’ या द हूच्या १९६९ च्या रॉक ऑपेरात हॉलिडे कॅम्पचं गाणं ड्रमर कीथ मूनच्या नावावर आहे. लिहिलं पीट टाउनशेंडने. कल्पना मूनची होती म्हणून श्रेय त्याला बहाल! आणि छळवादी नातलगांची दोन कटू गाणी टाउनशेंडला स्वतःच्या हाताने लिहवेनात, म्हणून ती जॉन एंटविसलने लिहिली.

‘ग्रीस’ सिनेमातली लोकांना पाठ असलेली काही गाणी मूळ नाटकात नाहीत. ‘यू आर द वन दॅट आय वाँट’ जॉन फारारने १९७८ च्या सिनेमासाठी केलं, आणि शीर्षकगीत तर बी जीजच्या बॅरी गिबचं, पन्नासच्या दशकातल्या गोष्टीला चक्क डिस्कोच्या तोऱ्यात. मूळ लेखक जिम जेकब्स आणि वॉरन केसी यांच्या नाटकाची ओळख अशी परक्या गाण्यांनी झाली.

‘द विझ’चं संगीत चार्ली स्मॉल्सचं, पण त्यातलं जल्लोषाचं एक गाणं तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या ल्यूथर व्हँड्रॉसचं.

‘जोसेफ’मध्ये इजिप्तचा फॅरो एल्व्हिससारखा कंबर हलवत गातो, भाऊ कधी कॅलिप्सो गातात, कधी काउबॉय थाट. सुरुवातीला तो शाळेतल्या पोरांसाठी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होता, १ मार्च १९६८ चा.

घाशीराम आणि पिपिन

१९७२. न्यूयॉर्कला ‘पिपिन’, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’. दोन्हीकडे एकच प्रश्न: नाटक लेखकाचं की बसवणाऱ्याचं?

‘पिपिन’ हेही श्वार्ट्झचंच. कॉलेजात असताना मित्राबरोबर केलेल्या खेळाची ही नवी आवृत्ती. दिग्दर्शक आला बॉब फॉसी, आणि त्याने नाटकाचा रंगच पालटला. तक्रारी वाढल्या तसा त्याने श्वार्ट्झला तालमीच्या दारातच अडवलं. संगीतकाराला त्याच्याच नाटकाच्या तालमीत मज्जाव! नाटक तुफान चाललं. १९७३ मध्ये फॉसीला ‘पिपिन’साठी दोन टोनी, ‘कॅबरे’साठी ऑस्कर आणि ‘लायझा विथ अ झेड’साठी एमी, सगळं एकाच वर्षात. आता सांगा, श्वार्ट्झने भांडावं कुठल्या तोंडाने?

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम’ उभं राहिलं. संहिता विजय तेंडुलकरांची. पण लोकांनी जे पाहिलं त्यात कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना होती, भास्कर चंदावरकरांचं संगीत होतं, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन होतं, मोहन आगाशेंचा नाना होता. कीर्तन, लावणी, भजन, खेळे, सगळं एका श्वासात. बारा ब्राह्मणांची माणसांची भिंत उघडते, मिटते, पडदा होते, पुणं होते. ही भिंत कागदावरची खरी, पण ती श्वास घ्यायला लागली तालमीत. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने नाटक थांबवलं, मंडळींनी बाहेर पडून थिएटर ॲकॅडमी काढली आणि पुन्हा उभं केलं. पुस्तक तेंडुलकरांच्या नावाने विकलं जातं, आठवण मात्र त्या रांगेची सांगतात. आणि विषय? मोरोबा कान्होबा यांची ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाची कादंबरी १८६३ सालची!

तेंडुलकरांची बाजू घ्यायची तर असं म्हणेन, की भिंत सुचणं हेच नाटककाराचं काम. विटा पुढे कुणीही रचू शकतं, म्हणतात. पण मुळगुंदांशिवाय रचून बघा.

म्हैसूरची उधारी

हेब्बाळमध्ये राहून मराठी रंगभूमीचं फार कौतुक केलं की कन्नड शेजारी एक गोष्ट हळूच काढतात. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर कानडातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काहीतरी मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. म्हणजे आद्य मराठी नाटकाच्या डोक्यावर ‘चाल: कानडी’ असं लिहायला हवं. मी मुकाट्याने कॉफी पितो. तेवढीच परतफेड.

सत्तरच्या दशकात ही उधारी दोन्ही बाजूंनी फिरली. भास्कर चंदावरकर, ‘घाशीराम’चे संगीतकार, कर्नाड-कारंतांच्या ‘वंशवृक्ष’ या १९७१ च्या कन्नड सिनेमाचेही संगीतकार. बा. व. कारंतांनी पुढे १९८९ मध्ये म्हैसूरला ‘रंगायण’ उभं केलं आणि तिथल्या वाऱ्यातही गाणं भरलं. त्यांची रंगगीतं कन्नड माणूस ‘कारंतांची गाणी’ म्हणूनच गातो. शब्द कुणा दुसऱ्याचे असले तरी.

आणि माथेरानला जन्मलेल्या गिरीश कर्नाडांचं ‘हयवदन’! दोन मित्रांची डोकी देवीपुढे तुटतात, जोडताना अदलाबदल होते आणि प्रश्न पडतो, नवरा कोण, डोकं की धड? ही गोष्ट कर्नाडांनी घेतली वेताळपंचविशीतून आणि थॉमस मानच्या १९४० च्या लघुकादंबरीतून, आणि मानपर्यंत ती पोहोचली हाइनरिश झिमर या भारतविद्येच्या अभ्यासकाकडून. डोकं कुणाचं, धड कुणाचं, या विषयावरचं नाटकच असं जोडकामातून तयार झालं.

रॉकचा इथे संबंध नाही, पण म्हैसूरचं नाव निघालं म्हणून सांगतो. रिचर्ड स्ट्रॉसच्या शेवटच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये २२ मे १९५० ला झाला, तेव्हा पैशांची हमी होती म्हैसूरच्या जयचामराजेंद्र वाडियार महाराजांची. ‘फोर लास्ट साँग्ज’ हे त्या गाण्यांचं जगप्रसिद्ध नाव स्ट्रॉसने दिलंच नव्हतं. ते दिलं त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशकाने.

जज्जसाहेब स्वतः संगीतकार

जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’वर दावा झाला, की ही चाल ‘ही इज सो फाइन’ची. १९७६ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन यांनी निकाल दिला: हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली नाही, पण चोरी झाली, नकळत, मनाच्या तळाशी. हे ओवेनसाहेब स्वतः ऑपेरा लिहायचे. चालीचे बारीक बारीक तुकडे पाडून त्यांनी निकालपत्रात दोन्ही गाणी सोलून ठेवली आहेत. नकळत केलेल्या चोरीची शिक्षा ठरवायला संगीतकारच बसावा, याहून अवघड दिवस हॅरिसनचा नसेल.

यंत्राला विचारू?

आता हेब्बाळच्या पोरांचा लाडका उपाय. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या ‘फेडरलिस्ट’ लेखांचे लेखक ओळखले ते मोठ्या विचारांवरून नव्हे, ‘अपॉन’सारख्या क्षुल्लक शब्दांवरून. हॅमिल्टन तो शब्द सढळ हाताने वापरायचा, मॅडिसन जवळजवळ नाहीच. २०१८ मध्ये गणितज्ञांनी तेच बीटल्सवर लावलं. ‘इन माय लाइफ’ची चाल माझी, असं मॅकार्टनी सांगत आले, हिशेबाने मात्र कौल लेननच्या पारड्यात टाकला.

मागच्या महिन्यात एका पोराने लॅपटॉप उघडून विचारलं, “काका, ‘तीन पैशाचा तमाशा’ यंत्राला घालू का? किती पुलं, किती ब्रेख्त, टक्केवारी काढतो.” घाल म्हटलं. फक्त आधी एवढं ऐकून ठेव. त्या नाटकात म्होरक्या एका भाषेत बोलतो, भिकाऱ्यांचा धनी दुसऱ्या, बाजारातली बाई तिसऱ्या, पोलीस चौथ्या, आणि हे सगळं एकाच माणसाने, एकाच टेबलाशी बसून लिहिलंय. तुझं यंत्र ब्रेख्तला सोडून देईल आणि एका पुलंचे चार लेखक करून ठेवील.